प्रभात रस्ता–भांडारकर रस्ता परिसर: जुन्या सोसायटीचा पुनर्विकास, आधी काय तपासायचं?

गल्ली_नऊ
पुण्यातल्या एरंडवण्यात, प्रभात रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत बंगले पाडून उभ्या राहिलेल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या तीन मजली इमारती आता एकामागून एक पाडल्या जात आहेत. नमुन्यादाखल हे चित्र धरू: दहा गुंठ्यांचा भूखंड, १९७८ ची इमारत, १२ सदनिका, सहकारी सोसायटी नोंदलेली, समोरची गल्ली साधारण सहा मीटरची. चार बिल्डरांचे देकार आले आहेत, ३० टक्के जास्त जागेपासून ५५ टक्क्यांपर्यंत. सभासदांची सगळी चर्चा टक्क्यांभोवती फिरते आहे. टक्क्यांकडे वळण्याआधी कुठल्या गोष्टी कोणत्या क्रमाने तपासाव्यात? सर्वसाधारण सल्ला नको, नेमका तपशील हवा.

मोजपट्टी
टक्के बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा रस्ता मोजा. पुण्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि तिच्यात किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१० आणि तिथेच पूर्णविराम: प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा) एफएसआय नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामहक्क) नाही. ९ ते १२ मीटरला १.१० मूळ, ०.५० प्रीमियम, ०.४० टीडीआर, एकूण २.००. १२ ते १५ मीटरला २.२५, १५ ते २४ मीटरला २.५०. याच्यावर निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय पैसे भरून मिळतो. त्यात जिना, लिफ्ट, बाल्कन्या हे सगळं सामावलेलं असतं. पूर्वी हे वेगळं, एफएसआयबाहेर मिळत असे.

दहा गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौ.मी. हिशेब असा पडतो:

सहा मीटरची गल्ली: १,०१२ × १.१० × १.६ = सुमारे १,७८० चौ.मी.
नऊ मीटरची गल्ली: १,०१२ × २.०० × १.६ = सुमारे ३,२४० चौ.मी.

बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट, मधला पॅसेज आणि बाल्कन्या वजा केल्यावर कार्पेट (घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) ढोबळमानाने तीन चतुर्थांश धरा. म्हणजे सहा मीटरवर साधारण १,३३५ आणि नऊ मीटरवर २,४३०. १२ सभासदांचं आजचं कार्पेट प्रत्येकी ७० म्हणजे ८४० चौ.मी. त्यांना ४० टक्के वाढ दिली की १,१७६ गेले. सहा मीटरच्या गल्लीत विकायला दीडशे-एकशे साठ चौ.मी. उरतात, म्हणजे जेमतेम दोन सदनिका. त्यातून बांधकामाचा खर्च, भाडं, महापालिकेची शुल्कं काहीच निघत नाही. नऊ मीटरवर साडेबाराशे चौ.मी. उरतात. त्यामुळे सहा मीटरच्या गल्लीत ५५ टक्क्यांचा देकार आला असेल तर त्या बिल्डरला एकच प्रश्न विचारा: रस्ता किती मीटर धरला आहे? उत्तर लेखी घ्या.

तीस वर्षांपेक्षा जुन्या बहुसदनिका इमारतीला प्रोत्साहनपर एफएसआयही आहे (वरच्या हिशेबात तो धरलेला नाही), सध्याच्या अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा सदनिकेमागे १५ चौ.मी., यांतला जो जास्त असेल तो. यात ‘अधिकृत’ हा शब्द महत्त्वाचा. मंजूर नकाशात नसलेली गच्चीवरची खोली, बंद केलेलं पार्किंग यांचा त्यात विचार होत नाही.

नळस्टॉप
रस्त्याबद्दल एक जोड. गल्लीची आजची डांबरी रुंदी आणि महापालिकेच्या नोंदीतली रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुणे महापालिकेने २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला तो महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली, म्हणजे रस्तारेषा आखून. प्रस्ताव, सूचना-हरकती, मंजुरी आणि प्रत्यक्ष आखणी हे चार वेगळे टप्पे आहेत. बिल्डर ‘रस्ता मंजूर आहे’ म्हणतो तेव्हा तो यांतल्या कुठल्या टप्प्याबद्दल बोलतो ते पथ विभागातून नकाशाची प्रमाणित प्रत काढून पडताळा.

सहाचे नऊ करताना दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जातं. भूखंडाची दर्शनी बाजू २५ मीटर असेल तर साडेसदतीस चौ.मी. पट्टी महापालिकेच्या नावे करावी लागते. तिचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मिळतो. पण समोरचं सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) नव्या रेषेपासून मोजलं जातं, आणि कुंपणाला लागून असलेली जुनी झाडं नेमकी त्याच पट्टीत असतात. हे आराखडा पाहण्याआधीच लक्षात घ्या.

मेट्रोमुळे जास्त एफएसआय मिळेल असंही सांगितलं जातं. गरवारे कॉलेज, डेक्कन आणि नळस्टॉप ही स्थानकं जवळ असल्याने यातलं थोडं खरं आहे. पण तो लाभ स्थानकापासून ५०० मीटरच्या आत आणि रस्त्याची रुंदी व भूखंडाचं क्षेत्र या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच. आतल्या गल्लीतल्या दहा गुंठ्यांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी एकत्र येऊन भूखंड जोडला तर गणित बदलू शकतं.

कागदकाम
रस्त्यानंतर जमीन. या भागात पत्ता नगररचना योजनेतल्या फायनल प्लॉट क्रमांकाने लिहिलेला असतो, मालमत्ता पत्रकावर मात्र सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) असतो. दोन्हींचा मेळ घाला. मग तीन क्षेत्रं शेजारी लिहा: मूळ खरेदीखतातलं, मालमत्ता पत्रकावरचं, आणि नगर भूमापन कार्यालयाकडून करून घेतलेल्या मोजणीतलं. महापालिका या तिन्हींतलं सर्वांत कमी क्षेत्र धरते. शेजाऱ्याची भिंत एक मीटर आत आलेली असेल तर ते मोजणीतच कळतं, आणि तेव्हा कळलेलं बरं.

मालमत्ता पत्रकावर धारक म्हणून कोणाचं नाव आहे? सोसायटीचं नसेल तर पुढचं सगळं अडतं. १९७० च्या दशकातल्या पुष्कळ इमारतींत मूळ बंगल्याच्या मालकांचं किंवा त्यांच्या वारसांचं नाव आजही तसंच आहे. मूळ मालक सहीला तयार नसतील तर मोफा या सदनिका-मालकीविषयीच्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे मालकाच्या सहीविना जमीन सोसायटीच्या नावे करून घेणं. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. लागणारे कागद: सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, सर्व सभासदांचे नोंदणीकृत करार किंवा सूची दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा), मालमत्ता पत्रक, वास्तुविशारदाचा क्षेत्राचा दाखला, आणि विकसक व जमीनमालकांना दिलेल्या नोटिशीची प्रत. आदेश मिळाला की लोक थांबतात, तिथे थांबू नका. आदेशानंतर एकतर्फी दस्त, मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय (शुल्क किती ते अधिकृतपणे ठरवून घेणं), दुय्यम निबंधकाकडे नोंदणी आणि शेवटी मालमत्ता पत्रकावर फेरफार, एवढं झाल्याशिवाय जमीन सोसायटीची झाली असं कोणी मानत नाही.

भूखंड मूळ गृहरचना संस्थेकडून भाडेपट्ट्याने आलेला असेल तर पट्ट्याची उरलेली वर्षं आणि संस्थेचं ना-हरकत पत्र हे दोन मुद्दे वाढतात. कॅनॉल रस्त्याच्या बाजूला असाल तर जुन्या कालव्याची हद्दही मोजणीत दाखवून घ्या.

गल्ली_नऊ
हे सगळं सोसायटीला लागू. शेजारच्या काही इमारती ‘अपार्टमेंट’ आहेत, घोषणापत्र केलेल्या. त्यांनाही हीच पद्धत का?

कागदकाम
नाही, आणि पुण्यात ही गल्लत फार होते. अपार्टमेंट १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येतात. तिथे जमिनीतला अविभक्त हिस्सा घोषणापत्रात टक्क्यांनी लिहिलेला असतो आणि प्रत्येक जण त्या टक्क्याचा मालक असतो. सहकार कायद्यातला बहुमताचा नियम तिथे जसाच्या तसा लागत नाही. घोषणापत्रातल्या टक्क्यांची बेरीज १०० होते का, गच्ची आणि पार्किंग कोणाच्या नावे दाखवलं आहे, हे पहिल्या बैठकीआधी वाचा.

सोसायटीला सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालचे ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत. मुख्य गोष्टी: सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत, ठरावाला एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची लेखी संमती हवी, विकसक निवडण्याची सभा निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर व्हायला हवी आणि तिचं चित्रीकरण हवं. २००९ च्या जुन्या निर्देशांत ७५ टक्के होते, काही जण अजून तोच आकडा सांगतात. १२ सभासदांच्या सोसायटीत गणपूर्ती ८ ची आणि संमती किमान ७ जणांची. ‘हजर असलेल्यांपैकी ५१’ नव्हे, ‘एकूण सभासदांपैकी’. इतिवृत्तात ही एक ओळ चुकीची लिहिली गेल्यामुळे सगळी प्रक्रिया पुन्हा करायची वेळ येते.

दूरदेशी
या भागात निम्म्या सदनिकांचे मालक किंवा त्यांची मुलं परदेशात असतात. त्यांच्या सहीचं काय?

कागदकाम
तीन गोष्टी. एक, कुलमुखत्यारपत्र घेऊन आलेल्या माणसाला सोसायटीच्या सभेत सभासदाऐवजी मत देता येत नाही. पती-पत्नी किंवा मुलगा सहयोगी सदस्य असेल तर सभासदाच्या लेखी संमतीने तो मत देऊ शकतो, म्हणून सहयोगी सदस्यत्वाचे अर्ज सभेच्या बरेच आधी मंजूर करून घ्या.

दोन, कराराच्या सहीसाठी परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र वकिलातीतून किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचा साक्षांकन शिक्का) करून आणावं लागतं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकिटावरची पोचल्याची तारीख जपून ठेवा.

तीन, मूळ सभासद वारले असतील तर नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. नॉमिनी सोसायटीच्या दप्तरी येतो, पण नव्या सदनिकेचा करार वारसांच्या नावे व्हायला हवा. मृत्युपत्र, वारस दाखला किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी पूर्ण करा. भावंडं तीन देशांत असली की या एका कामाला आठ-दहा महिने सहज जातात.

मोजपट्टी
आता टक्क्यांकडे येऊ, कारण खरी फसगत इथे होते. ‘४० टक्के जास्त’ हे कशावर? जुन्या करारात बिल्ट-अप लिहिलेलं असतं, कधी ‘विक्रीयोग्य’ क्षेत्र असतं, कधी नुसतेच चौरस फूट. रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या नियमन कायद्यातल्या कार्पेटमध्ये आतल्या दुभाजक भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. जुनं कार्पेट भिंत ते भिंत मोजलेलं आणि नवं रेरा कार्पेट, अशी तुलना केली तर आतल्या भिंतींखालची जागा वाढ म्हणून दाखवली जाते. चार-पाच टक्के नुसत्या व्याख्येतून येतात, घर तेवढंच राहतं.

म्हणून सोसायटीने स्वतःच्या वास्तुविशारदाकडून बाराही सदनिकांची आत जाऊन मोजणी करून घ्यावी, रेरा व्याख्येने, आणि प्रत्येक सभासदाची त्या आकड्यावर सही घ्यावी. बंद केलेली बाल्कनी वेगळ्या रकान्यात. सगळ्यांच्या बाल्कन्या मोजायच्या की कोणाच्याच नाही, हे एका ठरावाने ठरवा. हा तक्ता तयार झाल्यावरच निविदा मागवा आणि देकार टक्क्यांत न मागता सदनिकानिहाय चौरस मीटरमध्ये मागवा. चार देकारांची तुलना पाच मिनिटांत होते.

दुसरा मुद्दा उंचीचा. बाजूचं आणि मागचं सामासिक अंतर साधारणपणे उंचीच्या एक पंचमांश सोडावं लागतं. २५ × ४० मीटरचा भूखंड धरा. ३० मीटर उंचीला दोन्ही बाजूंनी सहा-सहा मीटर गेले की १३ मीटर रुंदीचा पट्टा उरतो. समोर-मागे सोडून मजल्यावर ३८० चौ.मी. ३,२४० चौ.मी. बसवायचे तर साडेआठ-नऊ मजले, आणि खाली पार्किंग. एका मजल्यावर तीन सदनिका काढायच्या तर मधली सदनिका एकाच बाजूला उघडते. आज चारी बाजूंनी वारा असलेल्या घरातून तिथे जायचं आहे का, हे नकाशावर बोट ठेवून विचारा. एफएसआय कागदावर मिळतो आणि भूखंडावर बसत नाही, असं अरुंद भूखंडांचं होतं. २४ मीटरच्या वर गेलं की अग्निशमन दलाच्या अटी, आश्रयक्षेत्र (आग लागल्यास थांबायची मोकळी जागा) आणि बंबासाठी सहा मीटरचा मोकळा रस्ताही आला.

कातळ
पार्किंग आणि तळघराबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. या भागात वरची माती आणि मुरूम ओलांडला की काळा कातळ लागतो, कुठे दीड मीटरवर, कुठे चारवर. भूखंडाच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये अशी निदान पाच बोअरची माती-परीक्षा आधी करून घ्या. कातळ ब्रेकरने फोडायला महिने लागतात, आणि शेजारी १९६० च्या दशकातला भारवाही भिंतींचा बंगला असेल तर कंपनांनी त्याला तडे जातात. काम सुरू होण्याआधी शेजारच्या सगळ्या इमारतींचे फोटो आणि असलेल्या भेगांची नोंद दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करून ठेवा. त्यातून पुढचे अर्धे वाद टळतात.

दुसरं पाणी. टेकडीवर पडलेला पाऊस भेगाळलेल्या कातळाच्या थरांतून हळूहळू खाली, नदीच्या दिशेने येतो. तळघर त्या थरात गेलं की पाणी बारमाही झिरपतं आणि पंप लावून ते पावसाळी गटारात सोडत राहावं लागतं. शेजारच्या विहिरी आणि बोअर त्याने उतरतात. दोन तळघरांपेक्षा तळमजला आणि वर एक पार्किंग मजला हा पर्याय एरंडवण्यात जास्त शहाणपणाचा आहे, एक मजला उंची वाढली तरी.

यांत्रिक पार्किंग घेणारच असाल तर करारात तीन आकडे लिहा: प्रत्येक पॅलेटची वजनक्षमता २,५०० किलो, मोकळी उंची निदान १.८५ मीटर, आणि जनरेटरवर पार्किंग चालणं. दोन हजार किलो आणि १.५५ मीटरचे पॅलेट सेडान गाड्यांसाठी असतात, आजच्या एसयूव्ही त्यात बसत नाहीत. मग त्या गाड्या गल्लीत उभ्या राहतात, आणि गल्ली तर आधीच सहा मीटरची.

बूच
बंगल्यांच्या काळातल्या विहिरींबद्दल विनंती: राडारोडा टाकून बुजवू नका. गाळ काढून, वर झाकण करून गच्चीचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून तिच्यात सोडा. ५०० चौ.मी.च्या वरच्या भूखंडाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहेच. कातळात नवा शोषखड्डा खणण्यापेक्षा तयार विहीर कितीतरी चांगलं काम करते.

झाडांचं काम सगळ्यात शेवटी काढलं जातं, ते सर्वांत आधी काढायला हवं. वास्तुविशारदाला कोरा भूखंड देऊ नका, झाडांचा नकाशा द्या: प्रत्येक खोडाची जागा, छातीच्या उंचीवरचा घेर, पसाऱ्याचा व्यास. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षांवरचं झाड वारसावृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं भरपाईपोटी लावावी लागतात, ती निदान सहा फुटी. सत्तर वर्षांचा एक फणस म्हणजे सत्तर रोपं. ती दहा गुंठ्यांत मावत नाहीत, दुसरीकडे कुठेतरी लागतात, आणि गल्लीतली सावली गेली ती गेलीच.

भूखंडाच्या कडेची झाडं वाचवता येतात. खोडापासून निदान तीन मीटर खोदकाम नाही, तिथे सिमेंटची पोती आणि सळ्या रचायच्या नाहीत, तेवढ्या भागात फरशीऐवजी मोकळी माती, आणि हे सगळं करारात दंडासकट. बूच, सोनमोहोर, आंबा, फणस यांच्यामुळेच तर या गल्ल्या एप्रिलमध्ये चालण्याजोग्या राहतात. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘हिरवागार परिसर’ म्हणून छापलेलं असतं ते हेच.

नळस्टॉप
बूच यांना पूर्ण अनुमोदन. एका गल्लीत दहा इमारती असतील आणि प्रत्येकीच्या बाराच्या अठ्ठावीस सदनिका झाल्या तर मैलापाण्याची वाहिनी, पाण्याचा दाब, गाड्या, सगळ्यांवरच ताण येतो. पाया खचलेला नसेल, सळ्या सर्वदूर गंजलेल्या नसतील तर मजबुतीकरण आणि बाहेरून लिफ्ट हा पर्यायही अंदाजपत्रकासकट सभेसमोर ठेवा. त्यासाठी संरचना-तपासणी नुसत्या डोळ्यांनी नको. रिबाउंड हातोडा, ध्वनिलहरींची चाचणी, कार्बोनेशन आणि खांबांतले कोअर, या चारही चाचण्यांचे आकडे अहवालात हवेत. तपासणी करणारा अभियंता देकार दिलेल्या कोणाशीही संबंधित नको.

गल्ली_नऊ
पुनर्विकासच ठरला तर करारात न सोडण्याजोगं काय? आणि घर रिकामं नेमकं कधी करायचं?

कागदकाम
घर रिकामं करण्याआधी पाच गोष्टी हातात हव्यात: नोंदणीकृत विकसन करार, प्रत्येक सभासदाचा पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार, पूर्ण इमारतीची बांधकाम परवानगी, बँक हमी आणि पहिल्या अकरा महिन्यांचं भाडं. परवानगी ‘पूर्ण इमारतीची’ असायला हवी. नुसत्या जोत्यापर्यंतच्या परवानगीवर इमारत पाडली आणि टीडीआर घ्यायला पैसे उरले नाहीत, असे सांगाडे शहरात दिसतात.

बँक हमी ७९-अ च्या निर्देशांप्रमाणे प्रकल्पखर्चाच्या २० टक्के. ‘त्याऐवजी आमच्या दोन सदनिका तारण ठेवतो’ असा प्रस्ताव येतो. न बांधलेल्या सदनिकेचं तारण काम थांबल्यावर कशाला उपयोगी पडणार? हमीची मुदत भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) हवी, तारखेपर्यंत नको. कामाची मुदत निर्देशांत दोन वर्षं आणि अपवादात्मक परिस्थितीत तीन, त्यापुढे भाडं दुप्पट असं कलम घाला. विक्रीच्या सदनिका घेणाऱ्यांना रेराचं संरक्षण असतं, जुन्या सभासदांचा मुख्य आधार मात्र हा करारच असतो. म्हणून तो सोसायटीच्या वकिलाने लिहावा, बिल्डरच्या मसुद्यावर खुणा करत बसू नये.

मुद्रांक शुल्काबाबत: विकसन करारावर शुल्क भरलेलं असेल तर सभासदांना मोबदल्यात मिळणाऱ्या जागेच्या करारांवर पुन्हा तेच शुल्क लावता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२३ चा निर्णय आहे. वर पैसे देऊन जादा जागा विकत घेतली तर तेवढ्यावर मात्र शुल्क लागतं. पुण्यात सध्या एकूण सात टक्के, स्त्रीच्या एकटीच्या नावे सहा, त्यातला एक टक्का मेट्रोचा अधिभार.

भाडं थेट सभासदाच्या खात्यात, महिन्याच्या पाच तारखेच्या आत. सामान हलवण्याचा खर्च दोनदा, जाताना आणि येताना. ताबा भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावरच घ्यायचा. ‘फर्निचरचं काम सुरू करा, प्रमाणपत्र येतंच आहे’ म्हणून किल्ली दिली तर ती घेतल्याची सही करू नका, कारण त्या सहीच्या तारखेपासून भाडं बंद होतं.